सोबतीला कोण?

आर्वीत कशासाठी कुठं जायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. दात दुखला तर सावंगी, पोट दुखलं तर सेवाग्राम, लग्नाचा बस्ता अमरावती, मोठं कोर्ट नागपूर आणि मुंबईची गाडी धरायची तर पुलगाव नाहीतर धामणगाव. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही. पण चुकीच्या गावाला जाऊन आलेल्या माणसाला पानठेल्यावर जबाब द्यावा लागतो. ‘दातासाठी अमरावती? कां बे, सावंगी बंद पडलं का?’

उलटं लटकायचं असेल तर कुठं जायचं, हे मात्र या यादीत कुणीच घातलेलं नव्हतं. त्यामुळं माझ्या पुतणीचा प्रश्न आला तेव्हा घरात, गल्लीत आणि पानठेल्यावर एकदम मोकळं रान मिळालं.

पुतणी सातवीत आहे. ती दोरीचा मल्लखांब करते. शाळेच्या मागच्या मैदानावर एक कडुनिंब आहे, त्याच्या आडव्या फांदीला एक सुती दोर आणि बाजूला जमिनीत पुरलेला एक सागवानी खांब, एवढाच आमचा वर्ग. दोराला एकही गाठ नसते. पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या चिमटीत ती दोर पकडते, हातांनी वर ओढून घेते, पुन्हा चिमटा, पुन्हा हात. बघता बघता फांदीजवळ पोचते. मग दोर मांडीभोवती फिरतो, कमरेभोवती फिरतो, आणि ती तिथं पद्मासन घालून दोन्ही हात सोडते. खाली पालकांच्या हातातले भुईमुगाचे दाणे हातातच राहतात. उतरल्यावर मांडीवर दोराचे लाल वळ असतात. आजी त्यावर हळद-तेल लावते आणि त्या निमित्तानं मल्लखांब, सर, शाळा, तिचा बाप आणि मी अशा सगळ्यांचा उद्धार करते.

झेंडावंदनाला मुलांचा मनोरा होतो. त्यात सगळ्यात वर पुतणी, हातात तिरंगा. तिची ही जागा गुणवत्तेनं ठरली असं आम्ही घरात म्हणतो. खरं म्हणजे वजनानं ठरली. वर्गातली पोरं एका मॅजिक गाडीत मावतील एवढीच, त्यात हीच सगळ्यात हलकी. पण सगळ्यात वर ती सगळ्यात वर. त्या फोटोची मोठी प्रत आमच्या बैठकीत आहे, फोटोत खालच्या रांगेतल्या पोरांची डोकी फ्रेमवाल्यानं कापली आहेत.

आणि एक दिवस सरांनीच विषय काढला. ‘काका, माझ्याजवळचं संपलं आता. हिला अमरावतीले पाठवा.’

शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. शिकवणीवाले कधी असं म्हणत नाहीत. त्यांच्याकडचं संपतच नाही, उलट दिवाळीनंतर ‘क्रॅश कोर्स’ निघतो. सर एवढं बोलले आणि फांदीवरचा दोर सोडवायला लागले, आमच्याकडं न बघता.

तसं पाहिलं तर पुतणीला मुळात मल्लखांबच करायचा होता असं नाही. तिला मोबाइलवर अमेरिकेतल्या स्पर्धेतलं चिअरलीडिंग दिसलं होतं. पोरी एकमेकींना हवेत फेकतात, वरच्या वर झेलतात, तीन मजले उभे करतात. ‘मला हे करायचंय’ असं ती म्हणाली आणि माझा भाऊ जेवता जेवता थांबला. २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हापासून आमच्याकडं या शब्दाचा अर्थ पक्का आहे, आणि तो अर्थ भावाच्या डोळ्यांपुढून हलेना. मी त्याला समजावलं. बाबा रे, हा प्रकार १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठात एका पुरुष विद्यार्थ्यानं सुरू केला, पुढं कित्येक वर्षं तो पोरांचाच होता. स्पर्धेतलं चिअरलीडिंग म्हणजे कसरत आहे, २०२१ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं त्यांच्या संघटनेला मान्यतासुद्धा दिली. भावानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘स्कर्ट?’

मी म्हटलं, आपल्याकडं याच्या जवळचं जे आहे ते मल्लखांब. मनोरे आपल्याकडं आहेत, झेल आहेत, तोल आहे, आणि वर आपल्याकडं खांब आहे, तो त्यांच्याकडं नाही. माझं भाषण चांगलं रंगलं होतं. पुतणी म्हणाली, ‘पण काका, त्यांच्याकडं मॅट असते.’

आमच्याकडं मुरूम असतो.

अमरावती हे नाव सरांनी उगाच घेतलं नव्हतं. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तिथलं. १९१४ साली वैद्य बंधूंनी ते काढलं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथली पोरं जर्मनीला जाऊन कबड्डी, मल्लखांब असे आपले खेळ दाखवून आली. तेव्हापासून त्या शहरात व्यायामाला एक वजन आहे. अमरावतीच्या माणसाला ‘काय करता?’ विचारलं तर तो नोकरी सांगतो, पण आवाजात ‘लहानपणी खांबावर होतो’ हे कुठंतरी असतंच. आमच्या जिल्ह्याची ख्याती दुसऱ्या वळणाची. त्याच १९३६ साली गांधीजी वर्ध्याहून सेगावला पायी गेले आणि तिथंच राहिले, पुढं त्याचं सेवाग्राम झालं. म्हणजे एकाच वर्षी अमरावतीची माणसं बर्लिनपर्यंत गेली आणि आमच्याकडच्या सगळ्यात थोर माणसाचा सगळ्यात मोठा प्रवास आठेक किलोमीटरचा. यावरून आर्वी-अमरावती साठेक किलोमीटरला आम्ही काय समजत असू, ते ताडावं.

पहिला विरोध अर्थातच आईचा, म्हणजे पुतणीच्या आजीचा. मी तिला मल्लखांबाची थोरवी सांगायला गेलो. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी बाळंभट दादा देवधर होते, त्यांनी ही विद्या पुन्हा उभी केली. सप्तशृंगीच्या डोंगरावर झाडांवरची माकडं पाहून त्यांना ती सुचली अशी आख्यायिका आहे. आई भाजी निवडत होती.

‘माकडापासूनच शिकाचं हाय, तर अमरावतीले कायले? आर्वीत माकडं कमी हायेत का?’

हा मुद्दा बिनतोड होता. संत्र्याच्या बगीचावाल्या कुठल्याही माणसाला विचारा.

तिचा दुसरा मुद्दा पौराणिक होता. नदीपलीकडं कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. ‘तितून बी एक पोट्टी गेली होती रथात बसून. आली का परत?’ आता याला काय उत्तर देणार? या भागातून मुलीनं बाहेर पडण्याचा जो सर्वांत नामांकित दाखला आहे, त्यात परतीचं तिकीट नव्हतं हे खरंच. दरवर्षी कौंडण्यपूरहून पालखी पंढरपूरला जाते, ती मुलीची खुशाली विचारायला. म्हणजे ये-जा माहेरच्यांनीच करायची.

पानठेल्यावर वेगळं चाललं होतं. तिथली ज्येष्ठ मंडळी कोणत्याही प्रवासाच्या प्रश्नाला आधी वाहनाकडून भिडतात. एकांचं म्हणणं, पूर्वी गवळाऊ बैलांची जोडी असती तर प्रश्नच नव्हता. ही जात आमच्याच भागातली, आणि धावण्यासाठीच तिचं नाव. दुसऱ्यांना पुलगाव-आर्वीची छोटी रेल्वे आठवली. १९१७ साली सुरू झालेली ती नॅरोगेज केव्हाच बंद पडली, पण पानठेल्यावर ती रोज वेळेवर सुटते. चालत्या गाडीतून उतरून, बोरं वेचून, पुन्हा त्याच डब्यात चढणारी माणसं मला तिथं एवढी भेटली आहेत, की त्या गाडीत बसून कुणी प्रवास करत होतं की नाही याची शंका येते. ती गाडी अमरावतीला जातच नव्हती, ही गोष्ट मी बोलून दाखवली. चर्चेचा रसभंग झाला.

भावाचं डोकं हिशेबी. त्यानं शासनाचे कागद काढले. शालेय स्पर्धा शाळा ज्या जिल्ह्यात त्या जिल्ह्याकडून खेळायच्या असतात. आपली शाळा आर्वीत, म्हणजे जिल्हा वर्धा, विभाग नागपूर. अमरावतीच्या पोरी अमरावती विभागात एकमेकींशी झुंजणार. म्हणजे शिकायचं त्यांच्यात आणि खेळायचं आपल्यात! त्याचा चेहरा उजळला. शिवाय दहावीला क्रीडागुण, जास्तीत जास्त पंचवीस. ‘पंचवीस गुण म्हंजे काय खाऊ आहे का?’ वहिनी तेवढ्यात म्हणाल्या, ‘दोन तास जायचे, दोन तास यायचे, तेवढ्या वेळात अभ्यास केला तर पंचवीस गुण तसेच येतील.’ भावानं कागद पुन्हा पिशवीत घातले.

वहिनींची अडचण माझ्या मते सगळ्यात खरी होती, आणि म्हणूनच तिच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. खांबाला एरंडेल लावतात. घासलं तरी अंगाला इजा कमी व्हावी म्हणून. ते तेल पोरांच्या कपड्यांत उतरतं, कपड्यांतून दप्तरात आणि दप्तरातून इतिहासाच्या पुस्तकात. आमच्या घरात शिवाजी महाराजांचा आग्र्याहून सुटकेचा धडा पारदर्शक झाला आहे, एका पानावर दोन्ही बाजूंचा मजकूर वाचता येतो. आर्वीत हे कपडे थेट मोरीत जातात. अमरावतीहून यायचे तर एसटीत गर्दीतल्या माणसांच्या मांडीवरून येणार.

मग पर्याय निघाले. चार पोरं मिळून गाडी लावू. लावायला चार पोरं निघाली, पण चारही पालकांना आपलं पोर पुढच्या सीटवर हवं होतं. मावशीकडं ठेवू, राजापेठेत वहिनींच्या बहिणीचं घर आहे. ‘मावशीकडं ठेवली म्हंजे ते मावशीची झाली,’ असं आई म्हणाली आणि वहिनींनी भांडी जरा जोरात ठेवली. तो विषय तिथंच आटपला. पर्याय उरला एकच. शनिवार-रविवार जायचं, एसटीनं, तळेगावला गाडी बदलून. आणि या सगळ्या घोळातून शेवटी जो खरा प्रश्न वर आला तो मल्लखांबाचा नव्हताच. छोट्या गावात मुलीच्या कुठल्याही हुन्नराचा प्रश्न शेवटी इथंच येऊन थांबतो, मग तो कथ्थक असो की नीटचा क्लास. सोबतीला कोण?

भाऊ दुकानात. वहिनींना शनिवारी शाळा, त्या शिक्षिका आहेत. मी लिहितो, म्हणजे घरच्यांच्या मते मी मोकळाच. पण माझं तिकीट पूर्ण. इथं भावानं पुन्हा कागद काढला आणि घराच्या इतिहासाला वळण मिळालं.

एसटीत बारा वर्षांखालच्या पोराला अर्धं तिकीट. २०२३ पासून बायांनाही अर्धं तिकीट. म्हणजे आमची पुतणी काल पोर म्हणून अर्धी होती, बारा उलटले तशी बाई म्हणून अर्धी झाली. एक दिवससुद्धा ती एसटीच्या दप्तरात पूर्ण नव्हती. वहिनी अर्ध्या. मी आणि भाऊ पूर्ण. आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून तिकीटच नाही. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून हातात देतो.

भाऊ हळूच म्हणाला, ‘आई.’

आईच्या आधारकार्डावर तिचं वय खऱ्यापेक्षा दोन वर्षं जास्त आहे. शाळेतल्या मास्तरनं जन्मसाल चुकीचं टाकलं असं ती इतकी वर्षं सांगत आली होती, आणि कार्ड दुरुस्त करून आणा म्हणून आमच्या मागं लागली होती. त्या संध्याकाळी तिनं ते कार्ड मागून घेतलं, पदराला पुसलं आणि बटव्यात ठेवलं. त्यानंतर मास्तरचं नाव तिनं काढलेलं नाही.

पण विरोध तिनं सोडला असं कुणी समजू नये. ‘पाह्यतो एकडाव,’ एवढंच ती म्हणाली. ‘अंबादेवीचं दर्शन तरी होईन.’ अमरावतीची अंबादेवी. कृष्णानं रुक्मिणीला याच देवळातून नेलं असं अमरावतीकर सांगतात, कौंडण्यपूरवाल्यांना ते मान्य नाही. आईला दोन्ही मान्य आहेत, कारण दोन्हीकडं ओटी भरता येते.

तर एका शनिवारी आम्ही तिघं निघालो. एक शून्य, एक अर्धं, एक पूर्ण. ज्या वर्गात गेलो त्याचं नाव मी सांगत नाही, पुतणीला अजून तिथं जायचं आहे. आत शिरलो आणि पुतणीची चाल मंदावली. दोर किती आहेत हे मोजायला ती थांबली होती. ओळीनं खांब, त्यांखाली जाड निळ्या मॅट, आणि त्यांवर पोरीच पोरी. आमच्या पुतणीच्या कमरेएवढी एक चिमुरडी दोरावर जे करत होती, ते आमच्याकडं पंधरा ऑगस्टला सगळ्यात शेवटी, टाळ्यांसाठी राखून ठेवलेलं असतं. ती ते करता करता खालच्या मैत्रिणीशी डब्यात काय आणलंय यावर बोलत होती.

शेवटी मनोऱ्याचा सराव झाला. मॅडमनी पुतणीला पाहिलं, खांदे पाहिले आणि सांगितलं, ‘तू खालच्या रांगेत.’

आई खुर्चीतून उठली. एवढ्या चपळाईनं ती देवळातसुद्धा उठत नाही. ‘बाई, आमची पोट्टी वरची हाय. आर्वीत वरच उभी राह्यते. फोटो हाय घरी.’

मॅडम अजिबात चिडल्या नाहीत. हे त्यांनी बहुधा दर शनिवारी ऐकलं असावं. ‘आजी, इथं ज्या येतात त्या सगळ्या आपापल्या गावात वरच्याच असतात.’

‘मंग खाली कोन राह्यते?’

‘म्हणून तर पाळी लावतो.’

आईला हे पटलं. नळाच्या पाण्यापासून गणपतीच्या आरतीपर्यंत पाळी या गोष्टीवर तिची श्रद्धा आहे. ती बसली. पुतणी खालच्या रांगेत उभी राहिली, दोन्ही खांद्यांवर एकेका पोरीचा पाय घेऊन, दात आवळून. मला वाटलं ही आता रडते. मनोरा उतरल्यावर ती धावत आली आणि म्हणाली, ‘काका, खालून काहीच दिसत नाही. पण कोण हललं ते लगेच कळतं.’ एवढ्या सगळ्या आठवड्यांत तिला तिचं मत विचारायचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी विचारलं, यायचं का पुन्हा? ती झोपली होती. आईनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं होतं आणि एरंडेलाच्या वासावरून पुढच्या सीटवरच्या बाईशी तिचं कडाक्याचं जुंपलं होतं. आई वासाच्या बाजूनं भांडत होती.

असं आमचं ये-जा करायचं ठरलं. म्हणजे ठरलं असं कुणी म्हणालं नाही. पुढच्या शनिवारी सकाळी आई लुगडं नेसून दारात उभी होती, एवढंच. आता तिची तिथं एक खुर्ची आहे, आणि मोर्शी, चांदूर, तिवसा अशा गावांहून आलेल्या शून्य तिकिटाच्या आज्यांची एक रांग आहे. त्यांचं स्वतंत्र परीक्षक मंडळ चालतं. गल्लीला हे कळल्यावर आईच्या पिशवीत शेजारणींचे फॉलचे, बटनांचे, दिव्याच्या काचेचे नमुने यायला लागले, ‘तुम्ही जाताच आहात तर’ म्हणून. भाऊ पानठेल्यावर बर्लिनचा विषय काढतो.

सोमवार ते शुक्रवार पुतणी आमच्या सरांकडंच असते. आधी मला वाटायचं सरांना वाईट वाटत असेल. पण सोमवारी संध्याकाळी सर आमच्याकडं येतात, चहा घेतात, आणि आईला विचारतात, ‘आजी, तिकडं या आठवड्यात काय घेतलं?’ पुतणीला नाही विचारत, कारण दोरावर असलेल्या माणसाला आपण काय केलं ते नीट दिसत नाही. आई ओट्यावर बसल्या बसल्या, लुगड्याचा काठ दोरासारखा धरून दाखवते. ‘हे असं दसरंग आलं का, मंग ते बाई म्हंते, ढुंगण मांगं नाई जाऊ द्याचं. मान आधी नाई वळवाची. पाय वळवाचा.’ सर वहीत लिहून घेतात. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. वहीवर ‘अमरावती’ असं लिहून खाली रेघ मारलेली आहे.

परवा त्यांनी आईला मैदानावरच यायचं निमंत्रण दिलं. पोरांना एकदा तुम्हीच सांगा म्हणाले. आईनं विचार केला.

‘येतो. पन खुर्ची ठेवजा. आन् ते फांदी बदला आधी, वाळून राह्यली हाय ते. मी मांगंच सांगनार होती.’